तोंड आले की लावायचे जेल : कोणते, किती आणि किती दिवस?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत तोंड येण्याविषयीची पत्रे सर्वाधिक होती, आणि बहुतेकांत औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या वेदनाशामक जेलचा उल्लेख होता. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तर देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण त्या एका घरातल्या तीन पिढ्या एकच ट्यूब वापरत आहेत आणि तिघींसाठी सल्ला वेगवेगळा आहे.

प्रश्न : आमचे एकत्र कुटुंब खानापूर तालुक्यात राहते. मला वर्षातून पाच-सहा वेळा तोंड येते. ओठाच्या आत आणि जिभेच्या कडेला पांढरट फोड येतात, आणि भाकरीचा तुकडाही चावता येत नाही. यजमान बेळगावहून येताना जेलची ट्यूब आणतात. ते लावले की पाच मिनिटांत बरे वाटते, पण तासाभराने पुन्हा ठणका लागतो, म्हणून मी दिवसातून आठ-दहा वेळा लावते. कवळीखालची हिरडी सोलवटली की सासूबाईही तेच जेल लावून वर कवळी बसवतात. त्यांना हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. आता माझ्या चौदा महिन्यांच्या मुलीला दाढा येत आहेत आणि ती रात्रभर रडते. शेजारच्या काकी म्हणतात की हेच जेल बोटाने हिरडीवर फिरवा. फिरवावे का? ट्यूबवरची अक्षरे इंग्रजी आहेत आणि इतकी बारीक की वाचवत नाहीत. (एक वाचक भगिनी, खानापूर तालुका)

उत्तर : मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. ते जेल तिच्या हिरडीवर लावू नका. थोडेसेही नाही आणि एकदाही नाही. काकींचा हेतू चांगला आहे, पण मोठ्या माणसाच्या तोंडात जे औषध सहज खपून जाते ते नऊ-दहा किलो वजनाच्या मुलीच्या शरीरात तसे खपत नाही. लहान मूल जेल थुंकत नाही, लाळेबरोबर सगळे गिळते.

आपल्याकडे तोंड येण्यावर म्हणून जी जेल विकली जातात त्यांत साधारणपणे तीन वेदनाशामक द्रव्यांपैकी एक किंवा दोन असतात : कोलिन सॅलिसिलेट, लिग्नोकेन आणि बेन्झोकेन. कोलिन सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनच्याच घराण्यातले आहे. मुलांमध्ये ॲस्पिरिनचा संबंध ‘रे सिंड्रोम’ या मेंदू आणि यकृतावर घाला घालणाऱ्या, दुर्मीळ पण जीवघेण्या आजाराशी आढळलेला असल्यामुळे ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २००९ मध्ये तोंडात लावायची सॅलिसिलेटयुक्त जेल १६ वर्षांखालील मुलांना वापरू नयेत असे जाहीर केले. लिग्नोकेन बधिर करते. परंतु तान्ह्या मुलाने ते जास्त गिळले तर झटके येऊ शकतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये तोंडात वापरायच्या त्याच्या दोन टक्के द्रावणावर, दात येणाऱ्या मुलांना ते देऊ नये, असा ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. बेन्झोकेनचा धोका आणखी वेगळा आहे. त्याने क्वचित रक्तातल्या हिमोग्लोबिनचे रूप असे पालटते की ते प्राणवायू शरीराला पोचवू शकत नाही. याच कारणाने अमेरिकेत २०१८ मध्ये दोन वर्षांखालील मुलांसाठी अशी उत्पादने विकू नयेत असा आदेशवजा इशारा निघाला.

हे पत्र छापून येईपर्यंत कोणी एखाद्या बाळाला जेल लावून झालेही असेल. तसे असेल तर उरलेले जेल ओल्या स्वच्छ कापडाने पुसून काढावे आणि पुढचे दोन-तीन तास बाळावर नजर ठेवावी. ओठ किंवा नखे निळसर अथवा राखेसारखी दिसू लागली, श्वास जलद झाला, बाळ सुस्त पडले किंवा झटका आला, तर घरी काही करत न बसता १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि जाताना ट्यूब बरोबर न्यावी. डॉक्टरांना त्या ट्यूबवरचे बारीक अक्षरच सर्वांत उपयोगी पडते.

दाढांच्या दुखण्यासाठी स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरडी हलकेच चोळणे किंवा पाण्यात भिजवून फ्रिजमध्ये गार केलेले, बर्फ न झालेले, स्वच्छ फडके चघळायला देणे पुरेसे ठरते. त्याने भागले नाही तर बालरोगतज्ज्ञांनी वजनानुसार ठरवून दिलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल द्यावे. मात्र मुलीला ताप असेल, तोंडात फोड दिसत असतील, तळहात-तळपायांवर पुरळ असेल किंवा ती पाणीही नाकारत असेल, तर ते दात येण्याचे लक्षण समजून घरी थांबू नये. ते विषाणूचे दुखणे असू शकते आणि त्यात मुलांच्या अंगातले पाणी फार लवकर कमी होते.

आता आपल्याविषयी. आपण वर्णन केलेले फोड हे नेहमीचे, संसर्ग नसलेले तोंड येणे असावे असे वाटते. असा फोड बहुधा एक सेंटिमीटरपेक्षा लहान असतो, मध्ये पांढरट-पिवळसर आणि कडेने लाल असतो, आणि सात ते चौदा दिवसांत काहीही न लावता, खूण न ठेवता भरून येतो. जेल ही जखम भरून आणत नाही. फोड आला म्हणजे तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेचा पापुद्रा निघालेला असतो आणि त्याखालची मज्जातंतूंची टोके उघडी पडलेली असतात. लिग्नोकेन किंवा बेन्झोकेन ती टोके थोडा वेळ बधिर करते, तर सॅलिसिलेट सूज आणि ठणका कमी करते. लाळ सतत वाहत असल्याने औषध धुऊन जाते, म्हणून तासाभरात पुन्हा दुखते. पुन्हा दुखले याचा अर्थ औषध कमी पडले असा घेऊन आपण मात्रा वाढवत गेलात. खरे तर औषधाचे काम तेवढ्याच वेळाचे होते.

लावण्याची रीत पुढीलप्रमाणे ठेवावी. हात धुवावेत, कोमट पाण्याने चूळ भरावी, आणि स्वच्छ कापसाने किंवा मऊ सुती कापडाने फोडावरची लाळ टिपून घ्यावी. ही टिपण्याची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग जेल फोडाला न चिकटता जिभेवरून घशात जाते. त्यानंतर साधारण एक सेंटिमीटर लांबीचे जेल बोटाच्या टोकावर घेऊन फक्त फोडावर अलगद टेकवावे. हिरडीभर, गालभर चोळू नये. कोलिन सॅलिसिलेटचे जेल पुन्हा लावताना मध्ये किमान तीन तास जाऊ द्यावेत आणि सलग सात दिवसांपेक्षा अधिक वापरू नये. दिवसाच्या आठ-दहा वेळा फार होतात. वारंवार लावलेल्या सॅलिसिलेटने आजूबाजूची चांगली त्वचाच पांढरी पडून सोलवटू शकते, आणि मग त्या नव्या जखमेवर आपण पुन्हा जेल लावू लागतो. जेलमध्ये लिग्नोकेन किंवा बेन्झोकेन असेल तर लावल्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ नये आणि गरम चहा तर मुळीच घेऊ नये, कारण बधिर जिभेला चटका किंवा चावा कळत नाही आणि घास घशात अडकण्याचा धोकाही असतो. जेवता येत नाही म्हणून जेवणाच्या अगदी आधी जेल फासण्याची पद्धत आपल्या भागात मी सर्रास पाहते. ती सोडावी आणि त्या आठवड्यात जेवणच मऊ करावे : भाकरी दुधात किंवा ताकात कुस्करून, मऊ भात, नाचणीची गार आंबील. संकेश्वरी मिरचीचा ठेचा तेवढे दिवस ताटाबाहेर राहू द्यावा.

दम्याच्या ज्या रुग्णांना ॲस्पिरिन किंवा तत्सम वेदनाशामक गोळीने धाप लागते, त्यांनी सॅलिसिलेटचे जेल वापरू नये. पोटात व्रण असलेल्यांनी, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आपण मुलीला अजून पाजत असाल तर हे आपल्यालाही लागू आहे.

सासूबाईंच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. कवळीखाली जेल भरले की ते लाळेने धुतले जात नाही. हिरडी आणि कवळीच्या मध्ये ते दाबून बसते आणि हिरडी भाजल्यासारखी होते. जेल लावायचेच असेल तर कवळी काढून लावावे आणि किमान अर्धा तास कवळी घालू नये. पण मुळात कवळी घासते म्हणून हिरडी सोलवटते, आणि घासणारी जागा दंतवैद्य पाच-दहा मिनिटांत तासून देऊ शकतात. वर्षानुवर्षे कवळी घालणाऱ्यांची हिरडी झिजत जाते आणि एके काळी नीट बसणारी कवळी सैल होते. त्यात त्या व्यक्तीचा काही दोष नसतो. रात्री कवळी काढून, घासून, स्वच्छ पाण्यात ठेवावी.

दुसरी गोष्ट गोळीची. ती गोळी वॉरफेरिन किंवा तिच्यासारखी असेल तर वारंवार वापरलेल्या सॅलिसिलेटने रक्तस्राव वाढू शकतो. याहून मोठा धोका एका दुसऱ्याच जेलचा आहे आणि तो मुद्दाम सांगते. कवळीखालची हिरडी लालभडक होते तेव्हा पुष्कळदा तो बुरशीचा संसर्ग असतो, आणि त्यावर मायकोनाझोल नावाचे जेल दिले जाते. तोंडात लावलेले मायकोनाझोल वॉरफेरिनचा परिणाम इतका वाढवते की गंभीर रक्तस्राव होऊ शकतो. दुकानदाराला सासूबाईंची गोळी ठाऊक नसते. म्हणून त्यांच्यासाठी कोणतेही जेल घेण्यापूर्वी त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावीत. त्या पाकिटांत निकोरॅन्डिल नावाची छातीदुखीची गोळी निघाली तर तेही सांगावे; त्या गोळीनेच काही जणांच्या तोंडात मोठे, हट्टी व्रण होतात आणि डॉक्टरांनी ती बदलली की ते भरून येतात. अशी कोणतीही गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये.

वर्षातून पाच-सहा वेळा तोंड येते हे आपण सवयीचे म्हणून लिहिले आहे, पण मला ते तपासण्याजोगे वाटते. बाळंतपण आणि अंगावर पाजणे यांत शरीरातले लोह कमी होते. लोह, बी-१२ आणि फॉलिक ॲसिड यांची कमतरता हे वारंवार तोंड येण्याचे एक ओळखीचे कारण आहे. रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी. दुकानातून लाल बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणून खाण्याची आपल्याकडे रीत आहे, परंतु कमतरता लोहाची असेल तर त्या गोळ्यांनी ती भरून निघत नाही. काही जणांना सोडियम लॉरिल सल्फेट असलेल्या, भरपूर फेस होणाऱ्या टूथपेस्टने त्रास होतो. ते नसलेली पेस्ट दोन-तीन महिने वापरून पाहण्यास हरकत नाही. फोड येण्याआधी चुरचुर जाणवत असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणारा ट्रायॲमसिनोलोनचा लेप त्याच वेळी लावल्यास फोड लवकर आवरतो. तो चोळायचा नसतो, झोपताना पातळ थर नुसता टेकवायचा असतो, आणि नागीण किंवा बुरशी असताना तो लावल्यास दुखणे वाढते. म्हणून तो शेजारणीच्या सांगण्यावरून आणू नये.

ट्यूबवरची अक्षरे वाचवत नाहीत ही आपल्या एकट्याची तक्रार नाही. सीमाभागातील घरांत आजी मराठी वाचते, नातवंडे कन्नड शाळेत जातात आणि औषधावर इंग्रजी असते. दुकानात ‘तोंड आलंय’ म्हणा किंवा ‘बायी हुण्णू’ म्हणा, दुकानदाराला कळते आणि तो ट्यूब काढून देतो. अडचण त्यानंतर सुरू होते. म्हणून पैसे देण्यापूर्वी एवढेच विचारावे : यात सॅलिसिलेट आहे की बधिर करणारे औषध, आणि मुदत कधी संपते. त्याने सांगितलेले ट्यूबच्या खोक्यावर जाड पेनाने मराठीत लिहून घ्यावे, आणि त्याखाली ‘लहान मुलांना नाही’ हेही लिहावे.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ५८ आहे. त्यांची उमेद निपाणीत तंबाखूच्या वखारीत गेली आणि तरुणपणापासून त्यांना तंबाखू-चुन्याचा बार धरण्याची सवय आहे. डाव्या गालाच्या आत, जिथे बार ठेवतात त्याच जागी, दीड महिन्यापासून जखम आहे. जेल लावतात आणि आता दुखत नाही, त्यामुळे बरी होत आली असे ते म्हणतात. डॉक्टरकडे चला म्हटले तर ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ असे सांगून टाळतात. मध्ये तीन आठवडे तंबाखू सोडली होती, तर उलट तोंडभर फोड आले, म्हणून पुन्हा सुरू केली. काय करावे? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : त्यांना याच आठवड्यात दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे घेऊन जा. माझे हे वाक्य घाबरवण्यासाठी नाही, पण त्याची धार मला कमी करायची नाही.

तोंडातली कोणतीही जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर ती तपासलीच पाहिजे, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे; तंबाखू किंवा सुपारी खाणाऱ्याच्या बाबतीत मी दोन आठवड्यांच्या पुढे थांबत नाही. आपल्या वडिलांच्या जखमेला सहा आठवडे झाले आहेत. दुखत नाही ही त्यातली दिलासा देणारी गोष्ट नाही. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला पुष्कळदा दुखतच नाही, आणि नेहमीचे, निरुपद्रवी तोंड येणे मात्र जीव नकोसा करते. त्यात जेलची भर पडली की जे थोडे दुखणे माणसाला दवाखान्यात नेऊ शकले असते तेही गप्प होते. माझ्याकडे उशिरा आलेल्या रुग्णांपैकी कित्येकांच्या खिशात अर्धी संपलेली ट्यूब असते, आणि ती पाहून मला दर वेळी वाईट वाटते, कारण त्या माणसाने दुर्लक्ष केलेले नसते. त्याने काहीतरी उपचार करतो आहोत अशा समजुतीने ते दिवस घालवलेले असतात.

घरी उजेडात गाल बाजूला ओढून पाहता येईल. जखमेची कड हाताला कडक लागते का, कड उंचावलेली आहे का, सहज रक्त येते का, भोवती न पुसला जाणारा पांढरा किंवा मखमली लाल चट्टा आहे का, मानेत न दुखणारी गाठ लागते का, दात विनाकारण हलू लागले आहेत का, हे पाहावे. तोंड उघडल्यावर त्यांचीच तीन बोटे उभी आत जात नसतील तर तेही डॉक्टरांना सांगावे. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा आखडत जाते तेव्हा असे होते. मात्र यांपैकी काहीही दिसले नाही म्हणून जाणे रद्द करू नये.

तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो ही समजूत चुकीची आहे. ती का रुजली हे मात्र समजण्यासारखे आहे. उशिरा दाखवलेल्या रुग्णाचा तुकडा काढला जातो, तोवर रोग पुढे गेलेला असतो आणि मग तो वाढतो. घरच्यांना दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ घडताना दिसतात आणि पहिलीमुळे दुसरी झाली असे वाटते. प्रत्यक्षात जागा बधिर करून तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढा तुकडा घेतात आणि काही दिवसांत अहवाल येतो. तो तपासल्याशिवाय काय आहे हे खात्रीने कोणालाच सांगता येत नाही. जखम एखाद्या तुटक्या, टोकदार दातामुळेही असू शकते. तसे आढळले तर डॉक्टर आधी तो दात घासून गुळगुळीत करतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाहतात. चुन्यानेही गाल भाजतो. म्हणजे निदान चांगलेही निघू शकते, आणि ते जाणून घेण्याचा मार्ग तोच आहे.

तंबाखू सोडल्यावर फोड आले हे वडिलांचे निरीक्षण खरे आहे. तंबाखू सोडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अनेकांना तोंड येते. तंबाखूने तोंडाच्या आतली त्वचा जाड आणि निबर झालेली असते. सवय सुटली की ती पुन्हा नाजूक होऊ लागते आणि फोड उठतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. हा त्रास तात्पुरता असतो. याच टप्प्यावर असंख्य लोक ‘तंबाखूच आपल्याला मानवते’ असे म्हणून परत फिरतात, आणि तिथे त्यांना कोणीतरी सांगणारे हवे असते. या दिवसांत नेहमीचे जेल वर सांगितलेल्या मर्यादेत वापरण्यास हरकत नाही, पण गालातली ती जुनी जखम तपासून झाल्यानंतरच. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तो तंबाखूच्या पुड्यांवरही छापलेला असतो आणि त्यावर फोन करण्यास पैसे लागत नाहीत.

खर्चाची चिंता पत्रात लिहिलेली नाही, तरी ती असणार हे मी जाणते. तीस वर्षांवरील व्यक्तींची तोंडाच्या कर्करोगासाठी प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत करण्याचा देशव्यापी कार्यक्रम आहे, तेव्हा गावच्या आशाताईंना विचारावे. बेळगावात दोन दंतमहाविद्यालये आहेत आणि जिल्हा रुग्णालयही आहे. निपाणीहून ते अंतर अर्ध्या दिवसाच्या कामाचे आहे. आईंनाही बरोबर न्यावे. निपाणी परिसरात विड्या वळणाऱ्या आणि मिश्रीने दात घासणाऱ्या बायकांची संख्या मोठी आहे, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच असते, आणि बायका स्वतःच्या तोंडातले दुखणे शेवटपर्यंत सांगत नाहीत.

प्रश्न : मी वडगावात मागावर काम करतो. कमरेसाठी आणलेल्या ट्यूबवर ‘पेन रिलीफ जेल’ असे लिहिले आहे. परवा रात्री तोंडातल्या फोडावर तेच लावले, तर आग आग झाली. दोन्ही वेदनाशामकच आहेत, मग फरक काय? (एक वाचक, वडगाव, बेळगाव)

उत्तर : फरक फार मोठा आहे. कमरेच्या जेलमध्ये डायक्लोफिनॅक, मेन्थॉल आणि पुष्कळदा मिथाइल सॅलिसिलेट असते, आणि ते जाड, कोरड्या कातडीसाठी बनवलेले असते. मिथाइल सॅलिसिलेट म्हणजे विंटरग्रीनचे तेल. त्या शुद्ध तेलाच्या एका चहाच्या चमच्यात ॲस्पिरिनच्या वीसहून अधिक गोळ्यांइतके सॅलिसिलेट असते, आणि तेवढे लहान मुलाचा जीव घेण्यास पुरेसे आहे. जेलमध्ये त्याचे प्रमाण कमी असते आणि आपण एकदाच थोडे लावले आहे, तेव्हा भरपूर चुळा भरल्या असतील तर काळजीचे कारण नाही. फोड दोन दिवस अधिक लाल दिसेल. पोटात बरेच गेले असते, कानांत गुणगुण, उलट्या किंवा धाप लागली असती, तर मात्र रुग्णालयात जावे लागले असते.

दाढ दुखते म्हणून ॲस्पिरिनची गोळी गालात धरून ठेवण्याचा प्रकारही याच जातीचा आहे. गोळी गिळून पोटातून काम करते. गालात ठेवली तर फक्त गाल भाजते. लवंगेचे तेल थेट फोडावर ओतल्यानेही तसेच होते. कमरेची ट्यूब आणि तोंडाची ट्यूब एका फळीवर ठेवू नका, विशेषतः रात्री दिवा न लावता औषध घेण्याची सवय असेल तर.

प्रश्न : आमची आई जेल लावू देत नाही. जाईचा पाला चावणे, जायफळ उगाळून लावणे, तूप-हळद, आणि लहानांना मधात टाकणखार, असे तिचे उपाय आहेत. यांपैकी काय चालेल? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : जाईचा पाला स्वच्छ धुऊन मोठ्या माणसाने चावून थुंकला तर बिघडत नाही, आणि साजूक तुपाचा लेप फोडावर अन्न घासू देत नाही, इतका त्याचा उपयोग नक्की आहे. हळद चिमूटभरच असावी. जायफळ लहान मुलांना देऊ नये, आणि मोठ्यांनीही उगाळून सारखे सारखे लावू नये, कारण अधिक प्रमाणात ते गुंगी आणते.

टाकणखार मात्र बंद करावा. तो बोरॅक्स आहे. तान्ह्या मुलांच्या चोखणीला मधातला बोरॅक्स लावण्याची प्रथा इतर देशांतही होती आणि त्यातून मुलांना झटके येऊन विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. एक वर्षाखालील बाळाला तर नुसता मधही देऊ नये, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाच्या आतड्यात विष तयार होऊन अंग लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो.

आईंना पटेल असा आणखी एक घरगुती उपाय सुचवते. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवून, जेवणानंतर आणि झोपताना, अर्धा मिनिट तोंडात खेळवून थुंकावे. पहिल्या चुळीला चुरचुरते, नंतर थांबते. चूळ भरून थुंकता येणाऱ्या, म्हणजे साधारण सहा वर्षांवरच्या मुलांनाही हे चालते. फोड आला त्या दिवसाची तारीख मात्र स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा, मग उपाय जाईच्या पाल्याचा असो की ट्यूबचा. चौदाव्या दिवशीही फोड तिथेच असेल तर आईंना पुढचा पाला तोडू न देता दवाखान्यात घेऊन या.